परत आलेले अवजार पुन्हा शेतावर

वर्धा नदीच्या काठी, मुंबई–हावडा लोहमार्गावर वसलेले देवळी तालुक्यातील पुलगाव हे कापसाच्या व्यवहारामुळे पूर्वीपासून परिचित आहे. भांडार-व्यवस्थाही या शहराला नवीन नाही. देशातील मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक येथेच आहे. मात्र प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून पुष्कळ साध्या भांडाराचा आहे. तो म्हणजे शेतीची अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राची शेड आणि तेथे परत येणारे प्रत्येक यंत्र.

या परिसरात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची मुख्य पिके होत. चार-पाच एकरांच्या धारकाला ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, रुंद सरी-वरंबा पेरणी यंत्र आणि मळणी यंत्र ही सर्व साधने स्वतः विकत घेणे परवडत नाही व वर्षातून काही दिवसच लागणाऱ्या यंत्रात भांडवल अडकविणे शहाणपणाचेही नाही. हे ध्यानी घेऊन केंद्र शासनाने २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना अर्थसाहाय्य सुरू केले. राज्यात २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही, ज्यात वर्धा जिल्ह्याचा समावेश होता, शेतकरी उत्पादक कंपन्या व गट यांना अशी केंद्रे उभारण्यास साहाय्य मिळाले. अवजारे किती खरेदी झाली याची मोजदाद सर्वत्र होते. ती शेतावरून परत आल्यावर कोणत्या स्थितीत असतात, हा प्रश्न मात्र आढावा बैठकीत क्वचितच निघतो.

वास्तविक केंद्राचे यश याच प्रश्नावर अवलंबून आहे. मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला की पेरणीसाठी मोजके दिवस हाती असतात. त्या दिवशी शेडमधून निघालेल्या पेरणी यंत्राची एक नळी मागील हंगामातील ओलसर खताने तुंबलेली असली, तर एक तास रिकामा जातो आणि ही गोष्ट शेतकऱ्याच्या लक्षात येते ती उगवण झाल्यावर. रासायनिक खत हवेतील ओलावा शोषते. पेटी न धुता यंत्र ठेवून दिले की पत्रा गंजतो व बियाणे सोडणाऱ्या चकत्या अडकतात. मळणी यंत्राचेही तसेच आहे. गव्हासाठी ठेवलेली फेऱ्यांची गती सोयाबीनला कायम राहिली, तर नाजूक आवरण तडकते आणि ते दाणे बियाण्याच्या उपयोगाचे राहत नाहीत.

फवारणी पंपाची बाब सर्वांत गंभीर होय. ‘टू-फोर-डी’ या तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपाने कापसावर कीटकनाशक फवारले, तरी त्या अल्प अंशानेच कापसाची पाने वेडीवाकडी होऊन पीक हातचे जाऊ शकते. पंप गळका असेल तर विषारी द्रावण फवारणाऱ्याच्या पाठीवर झिरपते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक जणांचे प्राण गेले, हे कोणी विसरलेले नाही. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि भाड्याने पंप देणाऱ्याने तो धुतलेला व न गळणारा असल्याची खात्री करूनच द्यावा, एवढा बोध तिच्यातून निश्चित घेता येतो. तणनाशकाचे पंप वेगळे ठेवून त्यांवर ठळक खूण करणे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

येथे गोदाम व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीचा उपयोग होतो. प्रणाली नट आवळीत नाही की बेअरिंग बदलीत नाही. ते काम कारागिराचेच. ती केवळ आठवण ठेवते व आडकाठी घालते. प्रत्येक अवजाराला स्वतंत्र क्रमांक देऊन त्याची बारकोड चिठ्ठी किंवा धातूची पट्टी त्यावर लावली जाते. ‘रोटाव्हेटर तीन नग’ अशी नोंद येथे पुरत नाही, कारण तिघांची झीज सारखी नसते. यंत्र परत येताच मोबाइलने चिठ्ठी वाचली जाते आणि त्याची स्थिती ‘परत आले, तपासणी बाकी’ अशी होते. या क्षणापासून ते शेडमध्ये डोळ्यांसमोर असले तरी प्रणाली ते पुढील शेतकऱ्याच्या नावे काढू देत नाही. सर्व व्यवस्थेचे मर्म या एका अडवणुकीत आहे.

त्यानंतर पडद्यावर त्या यंत्रापुरती तपासणी-यादी येते. रोटाव्हेटर असल्यास पाती, गिअरपेटीतील तेल व सील. मळणी यंत्र असल्यास पट्ट्यावरील जाळी आणि पीक आत सारण्याचे तोंड. यंत्रचालित मळणी यंत्रांत हात सापडून होणाऱ्या अपघातांमुळे संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन अधिनियम केला होता, याचे स्मरण असावे. जाळी काढलेले यंत्र कितीही मागणी असली तरी बाहेर जाता कामा नये. पेरणी यंत्राचे चाक उचलून ठरावीक फेरे फिरवावे, प्रत्येक नळीखाली पडलेले बियाणे तोलून पाहावे आणि ते वजन नोंदवावे. दोष आढळल्यास यंत्र ‘दुरुस्तीत’ जाते, लागलेला सुटा भाग साठ्यातून वजा होतो, आणि साठा ठरलेल्या पातळीखाली आला की खरेदीची सूचना मिळते. देताना व घेताना छायाचित्र घेतल्यास अनामत रकमेवरून होणारे वादही पुष्कळ टळतात.

ही पद्धत आपल्या घरातही आहे. गॅसचा रिकामा सिलिंडर भरण्यापूर्वी तपासला जातो व त्याच्या पट्टीवर पुढील चाचणीचे वर्ष आणि तिमाही दर्शविणारे ए, बी, सी, डी पैकी अक्षर असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या माल हाताळणीच्या साधनांतून लाकडी पाटांचा भाडे-व्यवसाय उभा राहिला. आज जगभर फिरणारे ते पाटही परत आल्यावर तपासून, फळी बदलूनच पुन्हा दिले जातात.

एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे झालेला दुरुस्ती-खर्च प्रणालीत एकत्र दिसतो. तो भाड्याच्या उत्पन्नाहून अधिक होऊ लागला की यंत्र निकाली काढण्याचा ठराव संचालक मंडळापुढे आकड्यांसह ठेवता येतो. लहान केंद्रास महागडी प्रणाली घेण्याची निकड नाही. क्रमांक, स्थिती व तपासणी हे तीन रकाने असलेले संगणकीय पत्रक, आणि वीज गेल्यास त्याच रकान्यांची वही, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पेरणी यंत्रे जुलैत परत येतात व पुढील जूनपर्यंत पडून राहतात. म्हणून पंचायत समिती किंवा कृषी कार्यालयाने ‘तपासणी बाकी’ असलेल्या अवजारांची यादी मे महिन्याच्या शेवटी न मागविता ऑगस्टमध्येच मागवावी. तेव्हा कारागीर मोकळा असतो आणि सुटे भागही मिळतात.