पहिलं अक्षर तेवढं गेलं

भाचीच्या बारशाचे फोटो बहिणीच्या हातून चुकून पुसले गेले. कॅमेऱ्यातलं १६ जीबीचं कार्ड मी लगेच काढून घेतलं, त्यावर आता एकही फोटो काढू नकोस असं तिला बजावलं, आणि रात्री संगणकाला लावून पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. तासाभरात बारसं परत आलं. पाळणा, कुंची, घुगऱ्यांचं ताट. त्याच यादीत खाली आणखी एक फोटो निघाला. बाबांचा, दवाखान्यातला, नाकात नळी असलेला. ते गेल्यावर आईला तो बघवेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच तो पुसला होता. फोटो जसाच्या तसा होता. फाइलच्या नावातला ‘डीएससी’मधला ‘डी’ मात्र नव्हता, त्या जागी एक रेघ होती.

अशा कार्डावर फॅट३२ नावाची मांडणी असते. एका भागात फाइलींची यादी, म्हणजे नाव, आकार आणि सुरुवात कुठे याची नोंद. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष फोटो. आपण पुसायला सांगितलं की नावाच्या पहिल्या अक्षरावर ‘ई५’ ही खूण बसते आणि तेवढी जागा मोकळी असल्याचं जागेचा हिशेब ठेवणाऱ्या तक्त्यात लिहिलं जातं. फोटोला कुणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातली विहीर बुजत नाही, तसंच हे. त्या जागेवर पुढे दुसरं काही लिहिलं गेलं तरच जुनं जातं. यादीतली नोंद गेली तरी शोध थांबत नाही, कारण जेपीईजी फोटोची सुरुवात ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी होते आणि प्रोग्रॅम सगळं कार्ड चाळून त्या खुणा हुडकतो.

फोटो लगेच खरोखर न पुसणं हा आळस नाही. फ्लॅश मेमरीत एकेक पान वेगळं पुसता येत नाही, पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसणं सोसतो. म्हणून ते काम होता होईल तो पुढे ढकललेलं असतं.

पण अशा वरवरच्या पुसण्याची किंमत माणसं मोजतात. सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट या एमआयटीच्या दोघा विद्यार्थ्यांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांवर क्रमांक होते, लोकांच्या आजारपणाची माहिती होती. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही मजकूर निघाला. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. आजचे फोन याबाबत पुष्कळ बरे. त्यांतली माहिती मुळातच कूटबद्ध असते, आणि फोन पूर्ण रीसेट केला की तिची किल्ली नष्ट होते. किल्लीविना उरलेल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

दूरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या गोष्टीचं पुसणं आणखी वेगळं. फेसबुकमध्ये तयार झालेल्या कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये पुसणं म्हणजे चक्क नवी नोंद लिहिणं. तिला तिथले लोक ‘टूमस्टोन’ म्हणतात, थडग्यावरचा दगड. प्रती अनेक सर्व्हरांवर असतात. त्यातला एखादा नेमका तेव्हा बंद असला आणि नंतर चालू झाला, तर आपल्याजवळची जुनी प्रत तो इतरांना पुन्हा देईल, आणि पुसलेलं उठून बसेल. म्हणून हे गेलं आहे असं सांगणारा दगड ठेवावा लागतो, सहसा १० दिवस. मग सावकाश साफसफाई होते. बॅकअपमधल्या प्रतींचं वेळापत्रक त्याहून निराळं.

उलटंही घडतं. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केलं, की सर्व्हर बदलताना लोकांनी १२ वर्षांत चढवलेली गाणी गेली. कित्येकांजवळ दुसरी प्रत नव्हती.

आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क लिहिला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच ‘पुसा’ या बटणाशेजारी ‘नक्की कधी’ हेही लिहिलेलं असायला हवं असं वाटतं. दुःखात असलेला माणूस ते बटण दाबतो तेव्हा त्याला यादीतली खूण बदलायची नसते.

बारशाचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतल्यावर मी ते कार्ड पूर्ण फॉरमॅट केलं, मग घरातल्या पांढऱ्या भिंतीचा व्हिडिओ काढत काठोकाठ भरलं. प्रोग्रॅम पुन्हा लावला, बाबांचा फोटो आला नाही. आईनं विचारलं, “आता गेला ना?” कार्डात आपल्याला न दिसणारी थोडी राखीव जागाही असते, तिथे एखादा तुकडा राहिला असू शकतो, पण घरी कुणाला तो वाचता येणार नाही, असं मी सांगितलं.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, पण तेव्हा तो आपण काकांना पाठवला होता ना?”