निर्धूम उष्णता

तर्कशास्त्राच्या जुन्या पाठशाळांत विद्यार्थ्यास आरंभींचा धडा मिळे तो धुराचा. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हें त्यास शिकवीत. आणि लगेच असेंही बजावीत कीं, या वाक्याचा उलटा अर्थ मात्र करूं नये. धूर तेथें अग्नि हें खरें. परंतु अग्नि तेथें धूर असेलच असें नाहीं. पुरावा म्हणून तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचें उदाहरण देत. गोळ्यांत अग्नि आहे, धुराचा मात्र पत्ता नाहीं. नैयायिकांचा हा गोळा शतकानुशतकें वादविवादापुरताच उपयोगी पडला. गेल्या पंचवीस वर्षांत तो अमेरिका, कॅनडा आणि जर्मनी या देशांत एका लहानशा उपकरणाच्या रूपानें पुष्कळांच्या मेजावर येऊन बसला आहे. सुक्या वनस्पतीचें व्हेपोरायझर, म्हणजे बाष्पक, हें त्या उपकरणाचें नांव. वनस्पति जाळावयाची नाहीं, केवळ तापवावयाची आणि तिची वाफ हुंगावयाची, एवढाच त्याचा उद्देश.

जाळणें आणि तापवणें यांतील भेद घरांतील ओव्यावरून चांगला कळतो. तव्यावर ओवा परतूं लागलें कीं घरभर दरवळ सुटतो. पण ओवा जळलेला नसतो. त्यांतील उडून जाणारें तेल तेवढें हवेंत मिसळतें. तोच तवा विसरून पुढें तापत राहिला, तर दाणे काळे पडतात, सुवास जातो आणि डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. पहिल्या अवस्थेंत पदार्थ मूळचाच राहून फक्त वायुरूप झाला; दुसरींत त्याचे तुकडे पडून टार, कार्बन मोनॉक्साइड यांसारखीं निराळींच द्रव्यें निर्माण झालीं. ओव्यांतील थायमॉल २३२ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उकळतें, लव्हेंडरमधील लिनालूल १९८ अंशांना. आणि वाफ सुटण्यास उकळीपर्यंत जाण्याचीही गरज नसते. उलट, सिगारेटच्या पेटत्या टोकाचें उष्णमान झुरका घेतांना ९०० अंशांच्या घरांत जातें. बाष्पकाचें सारें कार्य सामान्यतः १६० ते २२० अंशांच्या अरुंद पट्टींत चालतें. तिच्या खालीं राहिलें तर पदरांत कांहीं पडत नाहीं. वर गेलें तर वाफेऐवजीं धूर येतो.

हीं उपकरणें मुख्यतः गांजासाठीं वापरलीं जातात, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठीं प्रसिद्ध असलेल्या जर्मनींतील टुटलिंगेन गांवीं ‘व्होल्कॅनो’ नांवाचें मेजावरचें बाष्पक तयार होतें; त्यांत तापलेली हवा वनस्पतींतून सोडून वाफ एका पिशवींत भरून घेतात. हेंच उपकरण घेऊन सॅन फ्रान्सिस्को येथें डोनल्ड एब्रम्स व त्यांचे सहकारी यांनीं १८ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. धूर ओढला काय किंवा वाफ ओढली काय, रक्तांत उतरणारें मुख्य द्रव्य जवळजवळ सारखेंच आढळलें. मात्र वाफ ओढणाऱ्यांच्या उच्छ्वासांत कार्बन मोनॉक्साइडची वाढ जवळजवळ दिसली नाहीं. यावरून धूर टाळल्यानें धुराचें विष टळतें इतकें सिद्ध होतें. अमली द्रव्याचा स्वतःचा परिणाम त्यामुळें टळत नाहीं. कॅनडानें २०१८ च्या ऑक्टोबरांत प्रौढांस गांजा कायदेशीर केला. भारतांत तो १९८५ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. शिवाय पदार्थ तापवून हुंगण्यास देणाऱ्या विजेच्या उपकरणांचें उत्पादन आणि विक्री यांस २०१९ च्या कायद्यानें बंदी आहे. तेव्हां येथील वाचकास या विषयांत घेण्यासारखें आहे तें उपकरण नव्हे, तर त्यामागचें शास्त्र.

त्या शास्त्राचा सुंदर नमुना अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत तयार होणाऱ्या ‘डायनाव्हॅप’ या बोटाएवढ्या नळींत पाहावयास मिळतो. तींत बॅटरी नाहीं, कांटा नाहीं, दिवा नाहीं. नळीच्या एका टोकाशीं पोलादाची किंवा टिटॅनियमची लहान वाटी असते. तींत चिमूटभर वनस्पति भरून वर पोलादी टोपण बसवितात. टोपणाच्या माथ्याशीं द्विधातूच्या चकत्या असतात. दोन निरनिराळे धातु एकत्र जोडले असतां एक अधिक प्रसरण पावतो आणि दुसरा कमी. त्या ओढाताणीनें ठराविक उष्णमानास चकती एकाएकीं उलटी वळते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. टोपण निवालें कीं चकती पूर्ववत् होतांना पुन्हा तसाच आवाज येतो. पहिला आवाज ‘आतां पुरे’ सांगतो. दुसरा ‘आतां पुन्हा तापवावयास हरकत नाहीं’ असें सांगतो. घरच्या इस्त्रींतील उष्णतानियामकाचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं.

आरंभीं लोक हें टोपण ब्यूटेन वायूच्या लायटरच्या झोतावर फिरवून तापवीत, आणि पुष्कळजण अद्याप तसेंच करितात. परंतु ज्योत एका बाजूनें लागते. हात थांबला कीं तेवढीच बाजू अधिक तापते. वारा आला तर अंदाज चुकतो. म्हणून उत्साही मंडळींचें लक्ष विद्युत्प्रवर्तनाकडे, म्हणजे ज्याला बाजारांत इंडक्शन म्हणतात त्याकडे वळलें. याचें मूळ फार जुनें आहे. १८३१ सालीं मायकेल फॅरेडे यांनीं दाखवून दिलें कीं बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें जवळच्या तारेंत वीज निर्माण होते. १८५५ त फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनीं चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची तबकडी फिरविली, तेव्हां ती जड वाटूं लागली आणि तापली. धातूच्या पोटांत पाण्याच्या भोंवऱ्यांसारखे विद्युत्प्रवाह उठत होते, आणि धातूच्या विरोधामुळें त्यांची शक्ति उष्णतेंत बदलत होती.

घरांतील इंडक्शन शेगडी याच भोंवऱ्यांवर चालते, आणि बाष्पकाचें तापनयंत्र ही तिचीच धाकटी बहीण होय. तांब्याच्या जाड तारेचें लहान वेटोळें, त्यांतून सेकंदास लाखभर वेळां दिशा बदलणारा प्रवाह, आणि वेटोळ्याच्या पोटांत बसविलेली कांचेची नळी, एवढी त्याची मांडणी. कांचेंत प्रवाह उठत नाहीं, म्हणून ती स्वतः तापत नाहीं. शिवाय तप्त टोपण वेटोळ्यास चिकटूं देत नाहीं. टोपण कांचेंत उतरवून बटण दाबलें कीं, दिसावयास कांहीं घडत नाहीं. परंतु पांच ते दहा सेकंदांत ‘टक्’ ऐकूं येतें. टोपणाचें पोलाद चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचें असल्यामुळें सारा प्रवाह त्याच्या पृष्ठभागांतील अत्यंत पातळ थरांत कोंडला जातो आणि तो थर चटकन् तापतो. इंडक्शन शेगडीवर तांब्याचें पातेलें तापत नाहीं आणि लोखंडी तवा तापतो, याचेंही कारण हेंच.

येथपर्यंत सर्व सोयीचें दिसतें. पण नवें साधन हातीं आल्यावर ज्योतीवर तरबेज झालेल्या माणसाचीही पहिली चिमूट पुष्कळदा करपते. कारण साध्या हिशोबांत सांपडतें. टोपण तीन ग्रॅम वजनाचें धरलें आणि त्यास खोलीच्या उष्णमानापासून १८० अंश वर न्यावयाचें असलें, तर सुमारें २७० ज्यूल उष्णता लागते. वेटोळ्यांतून टोपणांत ४० वॅट उतरत असतील तर यास जेमतेम सात सेकंद पुरतात. ८० वॅट उतरले तर साडेतीन. टोपण अशा रीतीनें भराभर तापतें. परंतु आंतील पाला उष्णतेचा मंद वाहक, त्यास टोपणाचें वर्तमान कळावयास वेळ लागतो. शिवाय चकत्या टोपणाच्या माथ्याशीं असतात. वेटोळ्याचा जोर माथ्यावर आला तर आवाज लवकर होतो आणि पाला अर्धवट राहतो. जोर खालच्या काठावर आला तर माथा उशीरां तापतो, आवाज उशीरां होतो, आणि तोंवर वाटीची बाजू मर्यादा ओलांडून गेलेली असते. आवाज खोटें बोलत नाहीं. तो आपल्या जागेपुरतेंच सांगतो. साधन बदललें कीं टोपण आणि पाला यांमधील नातें बदलतें, आणि जुन्या आवाजाचा अर्थही बदलतो.

म्हणून अनुभवी परीक्षक एका वेळीं एकच गोष्ट बदलतो. प्रथम टोपण कांचेंत किती खोल जातें तें ठरवून खालीं बूच बसवावें, म्हणजे खोली रोज तीच राहते. मग ‘टक्’ होतांच बटण सोडावें आणि वाटींतील पाला पाहावा. सर्वत्र सारखा तपकिरी झाला असेल तर मांडणी बरोबर. कडेला काळा आणि मध्यें हिरवट राहिला असेल तर उष्णता एकीकडे झाली. राख दिसली तर ज्वलन झालें, मग कोणी त्यास वाफ म्हणो. केवळ सेकंद मोजून भागत नाहीं, कारण बॅटरी उतरूं लागली कीं यंत्राचा जोर घटतो आणि काल सात सेकंदांत होणारें काम आज दहांत होतें. भिंतींतील विजेवर चालणाऱ्या यंत्रांत हा दोष बहुतेक नसतो. दुसरा आवाज होण्यापूर्वीं पुन्हा तापवणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. टोपण अजून तप्त असतें, पुढची उष्णता त्यावर चढते आणि पाला जळतो.

इतर उपसाधनांचीही परीक्षा याच न्यायानें करावी. लांकडी नळी हातास थंड लागते, पण वाफेची चव ती आपली करून घेते. कांचेची नळी चव बदलत नाहीं, पण पडली कीं फुटते. लांब नळींतून किंवा पाण्यांतून आलेली वाफ थंड व मऊ लागते. मात्र मऊ लागली म्हणजे निरुपद्रवी झाली असें नव्हे. गार वाफ घशाला टोंचत नाहीं, म्हणून माणूस अधिक ओढतो, हा उलटा परिणामही ध्यानांत ठेवला पाहिजे.

खरा धोका मात्र वाफेपेक्षां यंत्राकडूनच अधिक संभवतो. घरीं जुळविलेल्या यंत्रांत तीन लिथियम घट एकापुढें एक जोडतात. त्यांतून दहा अँपिअरपर्यंत प्रवाह खेंचला जातो. एवढा भार न सोसणारा स्वस्त घट फुगतो, पेटतो, क्वचित् फुटतो. बटण चिकटून राहिलें तर वेटोळें थांबत नाहीं, आणि टोपण लाल होईपर्यंत तापतें. म्हणून ठराविक वेळेनंतर आपोआप बंद होणारी योजना यंत्रांत हवीच. नळी अल्कोहोलनें धुण्याची रीत आहे. ती पूर्ण वाळल्यावांचून तापविली तर अल्कोहोलच पेट घेतें. आणि ज्योत दिसत नाहीं म्हणून टोपणास बोट लावणाऱ्याच्या बोटावर फोड येतो, तो ज्योतीच्या फोडाइतकाच खरा.

ज्योतीचें भय माणसाच्या डोळ्यांत उपजत असतें. तिचा रंग, तिचा धूर हे त्याला सावध करितात. विद्युत्प्रवर्तनानें तापलेला धातु हा इशारा देत नाहीं. तेथें डोळ्याचें काम मोजमापास, कानास आणि संयमास करावें लागतें. निर्धूम गोळ्यांतही अग्नि असतोच, हें नैयायिकांनीं शिष्यास बजाविलें होतें. धूर दिसत नाहीं म्हणून उष्णता मर्यादेंत आहे असें मानणाऱ्यास तो धडा पहिल्या करपलेल्या चिमटीबरोबर मिळतो, आणि त्यापुढें तो प्रत्येक नवें साधन थोडें सावकाश हातीं घेतो.