विरोध नावाला की ज्ञानाला?

घोडनदीकाठचे शिरूर घ्या, की भीमाकाठचे दौंड. शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे काय, असे विचारताच पुष्कळ पालक अवघडतात. परंतु प्रश्न थोडा फिरवून पाहा. पाळी येण्यापूर्वी मुलीला तिची माहिती असावी काय? नकोसा स्पर्श झाला तर कोणाला सांगावे, हे मुलाला ठाऊक असावे काय? याला 'नको' म्हणणारा विरळाच. म्हणजे विरोध ज्ञानाला कमी, नावालाच अधिक आहे.

हा संकोच जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. पुढे २००७ साली महाराष्ट्रातील शाळांतला असा कार्यक्रम विरोधामुळे थांबविण्यात आला.

'हे घरीच शिकवावे', हा आक्षेप विचारार्ह आहे. पण घरी आई लाजते, वडील विषय टाळतात. मुलाच्या हातातील मोबाइलला मात्र लाज नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. ज्यांना आपण अजाण म्हणून काही सांगत नाही, त्यांच्याच माथी आपण संसार मारतो!

म्हणून शाळेने आधी पालकसभेत धडेच वाचून दाखवावेत. कोणत्या इयत्तेत काय शिकविणार आणि कोण शिकविणार, हे सांगावे. धडे ऐकूनही शंका उरली तर तिचा विचार करता येईल. न वाचलेल्या धड्यांवर वाद घालण्यात मात्र मुलांचीच वर्षे जातात.