खडकवासल्याचं पाणी आणि दहावीचा निबंध

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत लेखनकौशल्याचा आठ गुणांचा प्रश्न असतो. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतलं कोणतंही एक लिहायचं. वर्गात विचारलं तर बहुतेक हात पहिल्या दोन प्रकारांसाठी वर जातात. वैचारिक अवघड, असं मुलं सांगतात. मला ते पटत नाही. शाळकरी मुलाला सगळ्यांत लवकर शिकवता येईल असा हाच प्रकार आहे, कारण त्याला कल्पनाशक्तीची भरारी लागत नाही. एक खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर शोधण्याची चिकाटी पुरते. तो अवघड झाला आहे तो आपण त्याच्याभोवती रचलेल्या समजुतींमुळे. त्या समजुती शिक्षकांमध्ये आहेत, पालकांमध्ये आहेत आणि क्लासच्या नोट्समध्ये तर ठासून भरल्या आहेत.

पहिली समजूत अशी की वैचारिक निबंध म्हणजे उपदेश. ‘पाणी वाचवा’, ‘झाडे लावा’, ‘मोबाईलचा अतिरेक टाळा’. दोन पानं भरतात आणि वाचणाऱ्याला नवं काहीच कळत नाही, कारण पाणी वाचवावं हे त्याला आधीच मान्य असतं. प्रत्यक्षात या लेखनाचं काम समजावून सांगण्याचं आहे. एखादी गोष्ट कशी घडते, का घडते, एकीमुळे दुसरी कशी होते, हे माहीत नसलेल्या माणसाला वाचून कळलं पाहिजे. मत आलं तर या उलगड्याच्या पोटातून यावं.

पुण्यातल्या मुलांना हा फरक पानशेतवरून चटकन समजतो. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. त्या दिवशी नारायण पेठेतल्या एका घरात काय घडलं ते लिहिलं, की प्रसंगलेखन झालं. लकडी पूल स्वतःची कहाणी सांगू लागला, तर आत्मकथन. आणि ‘नवं धरण पाणी साठवायला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात का फुटलं?’ असं विचारलं, की वैचारिक लेखन सुरू होतं. आता मुलाला कारणांची साखळी लावावी लागते. धरण मातीचं होतं. बांधकाम अपुरं होतं, पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचं कामही पूर्ण झालं नव्हतं. पावसानं पाणी वाढत गेलं, मोरीच्या वरचा भराव खचत गेला. शेवटी भिंत गेली आणि तो लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला. तेही टिकलं नाही. यात एकही अलंकार नाही. पण यातलं एक वाक्य जागेवरून हलवलं तरी अर्थ बिघडतो, आणि हा बिघाड मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. पुढं एखादी मुलगी विचारते, की लोकमान्यनगर आणि गोखलेनगर या वसाहती पूरग्रस्तांसाठी झाल्या असं आजी सांगते, ते खरं का? ते खरं आहे, आणि तिच्या निबंधाचा पुढचा परिच्छेद तिला तिथंच सापडतो.

दुसरी समजूत भाषेबद्दल आहे. गंभीर विषय म्हटला की शब्द जड हवेत, वाक्य लांब हवं, अधूनमधून सुविचार हवा. याची मुळं पुण्यातच शोधता येतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक काढलं आणि सात वर्षांत त्याचे ८४ अंक निघाले. जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. स्वतः सरकारी शाळेतले शिक्षक, पुढं ती नोकरी सोडून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत उतरलेले. मराठी गद्याला त्यांनी दिलेली ऐट मोठी होती. पल्लेदार, संस्कृतप्रचुर, वळणावळणानं जाणारं त्यांचं वाक्य पुढच्या कित्येक पिढ्यांना निबंधाचा नमुना वाटत राहिलं. पण चिपळूणकर वादासाठी लिहीत होते, सुशिक्षित प्रौढ वाचकांसाठी लिहीत होते. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी केलेली टीका आज वाचताना बोचते, आणि ती बोचायलाच हवी. नववीतल्या मुलानं त्या थाटाची नक्कल करावी, असं कशावरूनही ठरत नाही.

त्याच पुण्यात, निबंधमालेच्या जवळपास वीस वर्षं आधी, एका विद्यार्थिनीनं लिहिलेला निबंध मला कितीतरी जवळचा नमुना वाटतो. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची असल्याचं सांगतात. या निबंधाकडं आपण बहुधा सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. पण लेखन शिकवणाऱ्यानं तो रचनेसाठीही वाचावा. पेशवाईतल्या छळाबद्दल ती मोघम बोलत नाही, गुलटेकडीच्या मैदानाचं नाव घेते. आपल्या बायकांचे हाल सांगताना ती बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईकडं बोट दाखवते. आणि धर्माच्या प्रश्नावर सरळ तर्क चालवते: वेद एकाच जातीचे असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्माशिवाय आहोत असंच ठरतं, मग आमचा धर्म कोणता? गृहीतक, त्यावरून निघणारा निष्कर्ष, निष्कर्षातून उभा राहणारा प्रश्न. तीनच वर्षं शाळेत गेलेल्या मुलीला हे जमलं, कारण तिच्याजवळ सांगायला ठोस असं काही होतं आणि ते ज्यांना ठाऊक नाही अशा वाचकांपुढं ती ते मांडत होती. ‘आमच्या मुलांना शब्दसंपत्ती नाही, म्हणून ती लिहू शकत नाहीत’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून पाहावा.

तिसऱ्या समजुतीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण वर्गातलं खरं काम तिथं अडतं. ‘विषय द्या, मुलं लिहितील.’ फळ्यावर ‘पाण्याचे महत्त्व’ असं लिहिलं, तर पंचेचाळीस वह्यांत एकच निबंध येतो, आणि आता तर तो मोबाईलवरून शब्दशः उतरवलेला असतो. विषयाला दिशा नसते, ती प्रश्नाला असते. त्याऐवजी फळ्यावर हे लिहा: ‘पावसाळ्यात खडकवासल्यातून नदीत पाणी सोडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो. मग उन्हाळ्यात पुण्याला पाणी कमी का पडतं?’

वर्गात आधी कुजबुज होते, मग वाद. पाणी वाया घालवतात, असं कोणी म्हणतं. मोठं धरण का बांधत नाहीत, असं दुसरा विचारतो. हा वाद दहा मिनिटं चालू द्यावा, कारण आपल्याला नेमकं काय माहीत नाही ते मुलांना त्यात कळतं. पुढच्या तासापर्यंत माहिती जमवायची. जून ते सप्टेंबर पुण्याच्या वर्तमानपत्रांत धरणसाठ्याचे आकडे नियमित येतात, तेवढ्यावर सुरुवात होते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी. त्यांत खडकवासल्याचा वाटा जेमतेम २ टीएमसी, आणि वरच्या तिन्ही धरणांचं पाणी त्याच्याकडेच येतं.

इथं पहिला अडथळा येतो, आणि तो मोलाचा आहे. टीएमसी म्हणजे काय? मुलं हा शब्द लहानपणापासून ऐकतात, पण तो कोणाला सांगता येत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात २,८०० कोटी लिटरांहून थोडं जास्त पाणी. आपण वापरलेला प्रत्येक तांत्रिक शब्द एका वाक्यात उलगडून सांगायचा, ही सवय अशा एका शब्दावरून लागते. नमुने हवे असतील तर मराठी विश्वकोशातल्या नोंदी दाखवाव्यात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत घडलेल्या या कामात नोंद आधी ती वस्तू काय आहे हे सांगते, मग पुढं जाते.

आकडे मिळाले की लिहायला घाई करू नये. प्रत्येक मुद्दा कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा आणि बाकावर चिठ्ठ्यांचा क्रम लावायचा. ‘खडकवासला लहान आहे’ आधी की ‘पाणी सोडतात’ आधी? दोघं शेजारी वेगवेगळा क्रम लावतात आणि एकमेकांना पटवायला लागतात. हा निबंधाचा आराखडा, आणि तो मुलांनी स्वतः केलेला. मग जे उतरतं ते साधारण असं असतं: ‘खडकवासला हे साखळीतलं सगळ्यांत खालचं आणि लहान धरण आहे. वरची धरणं भरली की जास्तीचं पाणी त्यात येतं आणि ते साठवायला तिथं जागा नसते, म्हणून नदीत सोडावं लागतं. वर्षभर वापरायचं पाणी म्हणजे पावसाळा संपताना चारही धरणांत उरलेलं पाणी. तेच शहराला पुरवतात आणि कालव्यानं दौंड, इंदापूरच्या शेतीलाही देतात.’ चार वाक्यं. यात सुविचार नाही, प्रस्तावना नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र नवीन काहीतरी कळलेलं आहे. हे लिहिणाऱ्या मुलाला पाणी जपून वापरा असं वेगळं सांगावं लागत नाही.

प्रस्तावना, मध्य आणि समारोप असे तीन भाग हवेतच, हीही एक समजूत आहे. नवशिक्याला हा साचा थोडा आधार देतो, एवढं मान्य. पण प्रस्तावनेच्या नावाखाली पहिली पाच वाक्यं वाया जातात. प्रश्न पहिल्या दोन वाक्यांत आला पाहिजे. समारोपात आधीचंच पुन्हा सांगायचं असेल, तर तो वगळावा.

आता तपासणीबद्दल. लाल शाईनं वेलांट्या आणि उकार दुरुस्त केले म्हणजे निबंध तपासला, असं मानलं जातं. १९६२ पासून रूढ झालेले शुद्धलेखनाचे नियम मुलांना यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तडजोड नाही. पण पहिल्याच खर्ड्यावर ते करू नये. ज्या परिच्छेदाचा अर्थच लागत नाही, त्यातली वेलांटी सुधारून काय मिळणार? पहिला खर्डा मुलानं मोठ्यानं वाचावा आणि ऐकणाऱ्यानं फक्त दोनच प्रश्न विचारावेत: ‘म्हणजे काय?’ आणि ‘हे तुला कशावरून कळलं?’ या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या खर्ड्यात येतात. लाल पेन तिसऱ्या वेळी उघडावं.

वेळ कुठं आहे, असं शिक्षक विचारतील, आणि तो प्रश्न खरा आहे. पंचेचाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांची तासिका असते. म्हणून संख्या कमी करावी. वर्षभरात गाईडमधून उतरवलेल्या पंधरा निबंधांऐवजी तीन लिहावेत, प्रत्येकाला चार तासिका द्याव्यात: एक वादाला, एक चिठ्ठ्यांना, एक लिहायला, एक पुन्हा लिहायला. खर्डे तपासण्याचं निम्मं काम बाकावरचा जोडीदारच करतो.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर फळ्यावर लिहिता येतील असे काही प्रश्न इथं देतो. ओला आणि सुका कचरा वेगळा दिल्यावर पुढं तो कुठं जातो? आपल्या पेठेला वाराचं नाव का आहे? शाळेत येणारी पीएमपीची बस दुपारी इतका वेळ का येत नाही? आजोबांच्या वेळी आपल्या गल्लीत झाडं कोणती होती आणि आता कोणती आहेत? यांतल्या एकाचंही तयार उत्तर गाईडमध्ये मिळणार नाही. विचारायला मुलांना कचरावेचक ताईकडं, डेपोतल्या कंडक्टरकडं, क्षेत्रीय कार्यालयात किंवा घरातल्या आजोबांकडं जावं लागेल.