शब्द जुळले, शिष्टाचार जुळायचे आहेत

चेन्नई : आईला ‘ऑम्मा’ आणि वडिलांना ‘आप्पा’ म्हणणारा कोरियन माणूस तमिळ भाषकांना फारसा परका वाटत नाही. १८८६ मध्ये सोलच्या शाही शाळेत शिकवण्यासाठी गेलेले अमेरिकी शिक्षक होमर हल्बर्ट यांनी तर कोरियन व द्राविडी भाषांची तुलना करणारे व्याकरणच लिहिले. आजचे भाषाशास्त्रज्ञ हे नाते मानत नाहीत, पण चेन्नईत ते कौतुकाने सांगितले जाते.

कोरियन मंडळी येथे आली ती मोटारींमुळे. ह्युंदाईने १९९६ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळच्या कारखान्यातून ‘सँट्रो’ बाहेर पडली. कोरियन भाषेचे वर्ग घेणारे ‘इन्को सेंटर’ २००६ मध्ये सुरू झाले.

वर्गात खरी कसोटी लागते ती क्रियापदांची. समोरच्याचे वय व हुद्दा पाहून त्यांची रूपे बदलतात. मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांहून ही उतरंड अधिक काटेकोर आहे.

कारखान्यातील प्रश्न मात्र भाषावर्गात सुटणारे नाहीत. सॅमसंगच्या श्रीपेरुंबुदूर येथील कारखान्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला संप महिनाभराहून अधिक काळ चालला. वेतनवाढीबरोबरच कामगार संघटनेला मान्यता, ही त्यातील कळीची मागणी होती. संघटनेची नोंदणी अखेर जानेवारी २०२५ मध्ये झाली.