हातघडणीचें 'फझ' यंत्र : एका प्रतिकृतीची कथा

ज्या वाद्याचा सूर स्वच्छ तें वाद्य उत्तम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हार्मोनियमची एखादी पट्टी खरखरूं लागली कीं आपण ती दुरुस्तीस पाठवितों. असें असतां, स्वच्छ वाजणाऱ्या गिटारचा सूर मुद्दाम खरखरीत करण्यासाठीं कोणी पैसे मोजतो, इतकेंच नव्हे तर साठ वर्षांपूर्वींच्या एका यंत्राची हुबेहूब प्रत दूरदेशच्या कारागिराकडून कित्येक महिने वाट पाहून करवून घेतो, हें ऐकून पुष्कळ पालकांस आश्चर्य वाटेल. एका पालकांनीं तर आम्हांस सरळच विचारलें, "सर, चांगला आवाज बिघडवायला एवढे पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्हीं स्वतः असें एक यंत्र करवून घेतलें, त्यांत एक चूक केली, व त्या चुकीपासून बरेंच शिकलों. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर येथें यथामति देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय तें पाहूं. विद्युत्-गिटारच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं गुंडाळलेल्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार छेडली म्हणजे त्या वेटोळ्यांत अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व तो तारेच्या कंपाप्रमाणेंच वरखालीं हेलकावे घेतो. ध्वनिवर्धक हा प्रवाह मोठा करून कर्ण्यावाटे आपल्या कानीं घालतो. फझ यंत्र या दोहोंच्या मध्यें बसतें. वादकाच्या पायाशीं ठेवलेली ही एक लहानशी पेटी. तिच्यावरील बटण पायानें दाबलें कीं ती कामास लागते, म्हणून तिला पेडल म्हणतात. पेटींतील ट्रान्झिस्टर गिटारकडून आलेला प्रवाह इतका वाढवूं पाहतात कीं बॅटरीची मर्यादा संपते. लाटेचा माथा जितका उंच जावयास हवा तितका जाऊं शकत नाहीं. तो सपाट कापला जातो. गोल टेकड्यांच्या रांगेच्या जागीं सह्याद्रींतल्या डोंगरांप्रमाणें सपाट माथ्याचीं पठारें उभीं राहतात. अशा लाटेंत मूळ सुराबरोबरच त्याच्या तिप्पट, पांचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर मोठ्या प्रमाणांत मिसळतात. शिवाय माथे कापले गेल्यामुळें सुरुवातीचा जोर व नंतरचा क्षय यांतील अंतर कमी होतें आणि सूर दीर्घकाळ टिकतो. कानास तो भुंग्याच्या गुंजारवासारखा, कधीं तुतारीसारखा, कधीं करवतीसारखा लागतो.

आपल्याकडील श्रोत्यांस ही गोष्ट परकी वाटावयास नको. मिरजेचा तंबोरा घ्या. त्याच्या घोडीचा माथा कारागीर कानसेनें अशा बेतानें घासतो कीं तार तिला क्षणोक्षणीं किंचित् स्पर्श करीत राहावी. मग सुताचा दोरा तारेखालीं सरकवून नेमकी जागा साधली कीं सुरांत गुंजन भरतें. यासच आपण जवारी म्हणतों. तेथेंहि शुद्ध कंपांत मुद्दाम अडथळा आणून उपस्वर जागे केलेले असतात. जें काम तेथें कानस व दोरा करतात, तें येथें ट्रान्झिस्टर करतो. मात्र रीति निराळी व परिणाम अधिक उग्र. हें साम्य केवळ आमच्या कल्पनेचें नव्हे. १९६५ सालीं इंग्लंडांतील 'यार्डबर्ड्स' या वाद्यवृंदानें 'हार्ट फुल ऑफ सोल' हें गीत मुद्रित करतांना प्रथम सतार वाजविणारासच पाचारण केलें होतें. तो प्रयोग मनासारखा साधला नाहीं, तेव्हां जेफ बेक या वादकानें गिटारला फझ जोडून सतारीची छाया त्या सुरांत आणली.

या यंत्राचा जन्म मात्र एका बिघाडांतून झाला. १९६१ सालीं अमेरिकेंत मार्टी रॉबिन्स या गायकाचें 'डोन्ट वरी' हें गीत प्रसिद्ध झालें. नॅशव्हिल शहरीं त्याचें मुद्रण चालू असतां ग्रेडी मार्टिन या वादकाचा मंद्र सप्तकांतील गिटारचा सूर मुद्रणयंत्राच्या एका सदोष भागांतून गेला व चमत्कारिक गुरगुरत बाहेर पडला. तो भाग काढून न टाकतां तसाच ठेवण्यांत आला, आणि लोकांस तो आवडला. ग्लेन स्नॉडी या मुद्रणतज्ज्ञानें रेव्हिस हॉब्स या सहकाऱ्याच्या साहाय्यानें तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या योगें हवा तेव्हां उत्पन्न करण्याची युक्ति काढली. गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें तें यंत्र बाजारांत आणलें. गिटारमधून फुंकवाद्यांसारखा आवाज निघेल अशी त्याची जाहिरात होती. पण पहिलीं कांहीं वर्षें त्यास फारसें गिऱ्हाईक मिळालें नाहीं. १९६५ सालीं 'रोलिंग स्टोन्स' मंडळींच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतांत कीथ रिचर्ड्स यानें तें वापरलें आणि पारडें एकदम फिरलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें गॅरी हर्स्ट यानें, व्हिक फ्लिक या वादकाच्या सूचनेवरून, अधिक लांब सूर देणारें 'टोन बेंडर' तयार केलें. १९६६ सालीं तेथील आर्बिटर कंपनीनें 'फझ फेस' काढलें. त्याची वाटोळी पेटी ध्वनिग्राहकाच्या उभ्या दांड्याच्या बैठकीवरून सुचलेली होती. जिमी हेंड्रिक्स याच्या वादनानें तें जगभर प्रसिद्ध झालें.

आतां मूळ यंत्रच विकत कां घेऊं नये? एक तर तीं यंत्रें थोडीं उरलीं व त्यांची किंमत सामान्य वादकाच्या आवांक्याबाहेर गेली. दुसरें, तीं जुनीं झालीं. आंतील कांहीं भाग वयोमानानें निकामी होतात. म्हणून आज अनेक देशांत एकेकटे कारागीर घरच्या टेबलावर बसून, गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम, जुन्या यंत्रांच्या प्रति हातानें घडवितात. वरवर पाहतां हें काम पोरखेळ वाटतें. फझ फेसच्या पोटांत पाहिलें तर दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्र आणि दोन फिरत्या खुंट्या, एवढाच काय तो संसार! शाळेंतील प्रयोगशाळेंत हुशार मुलगा एका दुपारीं तो जोडील. मग वाट कशाची पाहावयाची? ती पाहावयाची त्या दोन ट्रान्झिस्टरांची.

पहिले फझ यंत्रांतील ट्रान्झिस्टर जर्मेनियम या मूलद्रव्याचे असत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आठवत असेल कीं, मेंडेलीफ यानें १८७१ सालीं या द्रव्याचें भाकीत केलें होतें व १८८६ सालीं विंक्लर यानें तें जर्मनींत प्रत्यक्ष शोधून काढलें. १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत पहिला ट्रान्झिस्टर झाला तोहि जर्मेनियमचाच. परंतु हें द्रव्य मोठें लहरी. एकाच कारखान्यांतून, एकाच दिवशीं, एकाच क्रमांकाचे निघालेले दोन ट्रान्झिस्टर सारखे नसत; एक प्रवाह पन्नासपट वाढवी, तर दुसरा दीडशेंपट. शिवाय प्रत्येकांतून थोडी विद्युत् फुकट झिरपते. ही गळती मापकास फसविते. साध्या मापकावर जो ट्रान्झिस्टर शंभरपट शक्तीचा दिसतो तो गळती वजा जातां साठपटच भरतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढली कीं ही गळती जवळजवळ दुप्पट होते. मापतांना ट्रान्झिस्टर बोटांत धरला तरी बोटाच्या उबेनें कांटा सरकूं लागतो! म्हणून चांगला कारागीर जुन्या सांठ्यांतले ढीगभर ट्रान्झिस्टर एकेक करून मापतो, थंड होऊं देऊन पुन्हां मापतो, आणि त्यांतून एकमेकांस साजेशी एखादी जोडी निवडतो. फझ फेससाठीं पहिला सत्तर-ऐंशीपट व दुसरा एकशें वीसच्या आसपास असावा, असा पुष्कळांचा अनुभव आहे. पैसे द्यावयाचे ते या निवडीचे, पेटीचे नव्हेत.

आतां आमच्या चुकीची हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील एका कारागिरास आम्हीं जर्मेनियमच्या फझ फेसची प्रत करण्यास लिहिलें. रंग कोणता, खुंट्या कशा, आंतील तारा कोणत्या जातीच्या, हें सर्व आम्हीं तपशीलवार कळविलें. यंत्र जानेवारींत हातीं आलें आणि अप्रतिम वाजलें. मे महिन्याच्या सुटींत तें घेऊन आम्ही सोलापुरास गेलों. आप्तमंडळी जमली, मोठ्या ऐटीनें आम्हीं बटण दाबलें, आणि जो सूर निघाला तो गुदमरलेला, तुटक तुटक! मंडळी सभ्य म्हणून हंसली नाहीं, एवढेंच. आम्हीं रागानें कारागिरास पत्र लिहिलें. त्याचें उत्तर एका ओळीचें होतें : तुमच्या खोलींत उष्णता किती आहे? खोलींत चाळीस अंश होते. त्यानें यंत्र जुळविलें तें वीस अंशांच्या खोलींत. म्हणजे दोनदां दुप्पट. गळती चौपट झाली होती. रंगाविषयीं आम्हीं अर्धें पान लिहिलें, पण ज्या देशीं तें यंत्र नांदावयाचें तेथील हवेविषयीं एक शब्दहि लिहिला नाहीं. दोष त्याचा नव्हे, आमचा.

पुढें त्यानेंच उपाय सांगितला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एका पायावर नऊ व्होल्टांच्या बॅटरीचा निम्मा, म्हणजे सुमारें साडेचार व्होल्ट दाब असावा लागतो. तो उन्हाळ्यानें ढळला होता. पेटींत एक बारीकसा फिरता रोधक त्यानें दूरदृष्टीनें बसविलेला होता. शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनीं मापक लावून तो अर्धा वळसा फिरविला, आणि सूर जागेवर आला. पावसाळ्यांत पुन्हां थोडा मागें फिरवावा लागला, हें सांगणें नलगे.

या अनुभवावरून, ज्यांस अशी प्रत करवून घ्यावयाची आहे त्यांच्यासाठीं कांहीं गोष्टी सांगून ठेवतों. प्रथम, 'जुना फझ पाहिजे' असें मोघम न लिहितां कोणतें यंत्र व कोणत्या काळचें तें निश्चित करावें. कारण टोन बेंडर याच नांवाखालीं एकमेकांहून भिन्न रचना झाल्या, व फझ फेसहि पुढें सिलिकॉन ट्रान्झिस्टरांचें होऊं लागलें. सिलिकॉनचा सूर अधिक तीक्ष्ण असतो, पण तो उष्णतेस फारसा भीत नाहीं. उष्ण प्रांतांत राहणारांनीं त्याचा अवश्य विचार करावा. दुसरें, ट्रान्झिस्टरांचीं मापें गळती वजा करून व कोणत्या उष्णतेंत घेतलीं तें लेखी मागावें. तिसरें, आंतील फिरता रोधक बसवून घ्यावा. चौथें, जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम यंत्रांत बहुधा बॅटरीचें धन टोंक पेटीस जोडलेलें असतें, तर इतर बहुतेक पेडलांत ऋण टोंक; म्हणून तें इतरांबरोबर एकाच वीजपुरवठ्यावर लावूं नये, निराळी बॅटरी द्यावी. पांचवें, यंत्र आल्यावर तें गिटारच्या लगत, पहिलें जोडावें व गिटारची आवाजाची खुंटी हळूहळू कमी करून पाहावी. उत्तम फझ फेसमध्यें गुरगुर विरत जाऊन सूर जवळजवळ निर्मळ होतो. हीच त्याची खरी परीक्षा.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, नीतीची आहे. आमच्या परिचयाच्या एका माजी विद्यार्थ्यानें अनेक महिन्यांची शिल्लक वेंचून एका विक्रेत्याकडून १९६६ सालचें म्हणून एक पेडल घेतलें. घरीं उघडून पाहतों तों डाक नवा, चकचकीत. आणि एका धारित्रावर छापलेलें साल कितीतरी अलीकडचें! विक्रेत्यानें पैसे परत देण्याचें नाकारलें. मित्र म्हणाले, "तूं फसलास, आतां दुसऱ्यास फसव आणि मोकळा हो." तसें करणें अगदीं सोपें होतें. त्यानें झांकणाच्या आंतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईनें 'ही प्रतिकृति आहे' असें लिहिलें, आणि मगच तें विकलें. त्यास दिलेल्या पैशांचा लहानसा अंशच परत मिळाला. आम्हीं विचारलें, "वाईट वाटलें काय?" तो म्हणाला, "पैशांचं वाटलं, सर. पण ती खोटी गोष्ट माझ्यापाशी तरी थांबली."

यंत्र तेंच, आवाजहि कदाचित् तोच. परंतु नांव सांगून केली ती प्रतिकृति आणि नांव चोरून केली ती लबाडी. म्हणून प्रत करवून घेतांना कारागिरास त्याचें स्वतःचें नांव व सन पेटीवर घालावयास सांगावें. जो कारागीर हें आनंदानें करतो त्याच्याकडेच काम द्यावें. जुन्या हातांनीं जें साधलें तें पुन्हां साधण्यासाठीं त्यानें शेंकडों ट्रान्झिस्टर मापले, त्याचे ते श्रम त्याच्याच नांवावर जमा झाले पाहिजेत. आणि चांगला आवाज बिघडविण्यास एवढे पैसे कां, असें विचारणाऱ्या पालकांस आमचें उत्तर असें कीं, आवाज बिघडविणें फुकटहि साधतें. तो हवा तितकाच, हवा तेव्हां, आणि मे महिन्यांतहि तसाच बिघडावा, यासाठींच हें सारें मोल आहे.