शेंगदाण्याच्या पुडीवर ‘यात शेंगदाणे आहेत’! हसा, पण तुमचं लेबलही बघा



खाऱ्या शेंगदाण्याची पुडी उलटी करून बघा. मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘यात शेंगदाणे आहेत’. अहो, मग काय कांदे असणार?

पण हे येडेपण नाही. काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतते. म्हणून एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबल नियमांत शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन असे घटक वेगळे सांगावेच लागतात. गंमत पुडीवर कळते, उपयोग चटणीत आणि लाडवात कळतो.

खरा विनोद वेगळाच आहे. आपल्या घोडेगावचंच बघा. कांद्याचं मोठं मार्केट, म्हणजे फवारणी आलीच. कीटकनाशकाच्या बाटलीवर शंकरपाळीच्या आकाराचं चिन्ह असतं. त्यात लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आता खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. इथे हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषच! सोबतचं माहितीपत्रक मराठीतही असतं, फक्त अक्षर मुंगीएवढं.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं बरीच होती: औषधांची मिश्रणं, डोक्याएवढी कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मजुराच्या हातात बाटली येतच नाही, भरलेला पंप येतो. मग बाटलीवरचा इशारा वाचायचा कोणी?

मित्रांनो, धंद्याचा धडा इथे आहे. इशारा छापला म्हणजे पोचला असं नाही. तुम्ही मसाला, चटणी, लोणचं, पीठ काहीही विकणार असाल, तर एवढं करा:

1. कायद्याचं आधी. सक्तीची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत हवीच. जोडीला मराठी द्या, त्याला कोणी अडवत नाही.

2. खरा धोका शोधा. ज्या चक्कीवर गहू दळता त्याच चक्कीवर नाचणी दळता? मग नाचणीच्या पाकिटावर ‘यात गव्हाचा अंश असू शकतो’ असं लिहा. गहू न चालणारा माणूसच नाचणी शोधत येतो.

3. कारणासकट सांगा. ‘योग्य काळजी घ्या’ हे कोणाच्याच कामाचं नाही. ‘ओला चमचा घालू नका, बुरशी येते’ हे लगेच कळतं.

4. दहा इशारे देऊ नका. दहात महत्त्वाचा एक हरवतो. तो एक मोठ्या अक्षरात, पुढच्या बाजूला छापा.

आणि छपाईला टाकण्याआधी नमुना घरातल्या आजीच्या हातात द्या. विचारा, ‘काय कळलं?’ आजी गप्प बसली, तर लेबल बदला. हजार पाकिटं छापून झाल्यावर बदलायला पैसे लागतात, आज फक्त दहा मिनिटं लागतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत!